रक्त म्हणजे रंगलेलं

निळीत बुडवून काढलेलं कापड ‘रक्त’ झालं, असं आज कुणी म्हटलं तर ऐकणारा दचकेल. संस्कृत व्याकरणात मात्र हे वाक्य अगदी साधं आहे. ‘नील्या रक्तं नीलं वस्त्रम्’, निळीनं रक्त झालेलं ते निळं वस्त्र. हळदीनं रक्त झालेलं ते हारिद्र, म्हणजे पिवळंधमक. मंजिष्ठेच्या मुळांनी रक्त झालेलं ते मांजिष्ठ, म्हणजे लाल. पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाच्या चौथ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादाची सुरुवातच या विषयानं होते: ‘तेन रक्तं रागात्’. रंगद्रव्याच्या नावाला प्रत्यय लागून त्या द्रव्यानं रंगवलेल्या वस्तूचं नाव कसं तयार होतं, ते पाणिनी इथे सांगतो. सूत्रातल्या ‘रागात्’मध्ये संताप नाही आणि ‘रक्तं’मध्ये जखम नाही. राग म्हणजे रंग, आणि रक्त म्हणजे रंगवलेलं. पाणिनीचा हा शब्द रंगाऱ्याच्या कुंडाशी उभा आहे.

अष्टाध्यायीवर काशिकावृत्ती ही टीका लिहिणाऱ्यांनी या सूत्रापाशी एक मजेदार शंका काढली आहे. सूत्रात ‘रागात्’ हा शब्द घालायची गरज काय होती? उत्तर असं की ‘देवदत्तेन रक्तं वस्त्रम्’ असंही म्हणता येतं, आणि देवदत्त हा रंगवणारा माणूस आहे, रंगद्रव्य नाही. तेव्हा त्याच्या नावाला हा प्रत्यय लागू नये. लगेच पुढची शंका: मग गाढवाच्या कानांना काषाय, म्हणजे भगवे, आणि कोंबड्याच्या पायांना हारिद्र का म्हणतात? त्यांना कुणी रंगवलेलं नसतं. तर ते उपमेनं. व्याकरणाच्या ग्रंथात गाढवाचे कान आणि कोंबड्याचे पाय इतक्या निवांतपणे येतात, म्हणूनच हे ग्रंथ वाचावेसे वाटतात.

शब्द घडतो कसा तेही पाहू. धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या धातूंच्या यादीत, धातू दिलाय ‘रञ्ज रागे’, रञ्ज् म्हणजे रंगणं. त्याला ‘झालेलं’ अशा अर्थाचा ‘त’ लावायचा. तीन गोष्टी ओळीनं घडतात. आधी मधला अनुनासिक ञ् गळतो आणि रज् उरतो. मग ज् चा ग् होतो. मग समोरच्या कठोर त मुळे ग् चा क् होतो. रज्, रग्, रक्त. भज् पासून भक्त, युज् पासून युक्त, त्यज् पासून त्यक्त, भुज् पासून भुक्त होतं तीच ही वाट, फक्त रञ्जला वाटेत आपलं नाक सोडून द्यावं लागतं. आणि ते नाक कुठे सोडायचं आणि कुठे ठेवायचं यावरून दोन अगदी ओळखीचे शब्द वेगळे झालेत. रंगण्याची क्रिया किंवा रंगवण्याचं साधन सांगायचं असेल तर अनुनासिक गळतो, आणि शब्द होतो राग. पण जिथे लोक रंगून जातात ती जागा सांगायची असेल तर तो टिकतो, आणि शब्द होतो रंग. रंगभूमी आणि रंगमंच यांतला रंग तो हा. राग, रंग आणि रक्त ही तिन्ही एकाच घरची. रंगारी म्हणजे रजक, तोही त्याच घरचा. नर्तक, खनक आणि रजक हे कसबी लोकांचे तीन शब्द व्याकरणात एका ओळीत येतात. पुढे रजकाचा धोबी झाला, कारण कापड धुणं आणि रंगवणं हे काम पाण्याशेजारीच चालायचं.

रंगाऱ्याचा ‘रक्त’ समजून घ्यायचा तर कुंडात डोकावायला हवं. सुती कापडाला मंजिष्ठेचा लाल चढवणं हे सोपं काम नाही. शंभर ग्राम कापड घेतलं तर आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्याची खळ आणि मेण पूर्ण काढायचं. हे नीट झालं नाही तर रंग डागाडागांनी बसतो. मग वीसेक ग्राम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवायचं, पिळायचं आणि न धुता वाळवायचं. मग पंधरा-वीस ग्राम तुरटीच्या पाण्यात बुडवून पुन्हा वाळवायचं. त्यानंतर वरवरची तुरटी धुऊन टाकायची, नाहीतर ती कुंडात सुटते आणि रंग कापडाऐवजी पाण्यातच धरतो. शेवटी पन्नास ते शंभर ग्राम मंजिष्ठेची कुटलेली मुळं आदल्या रात्री भिजवून ठेवलेली असतात, त्या पाण्यात कापड घालून तासभर हळूहळू तापवायचं. साधारण सत्तर अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाणी खदखदलं की मुळांतली तपकिरी द्रव्यंही सुटतात आणि लालाचा विटकरी होतो. लोखंडी भांडं वापरलं तर लाल काळवंडून जांभळट होतो.

हिरडा आणि तुरटी कशाला? कापसाच्या धाग्याला तुरटीतलं ॲल्युमिनियम नीट धरत नाही. हिरड्यातला तुरट अंश धाग्याला चिकटतो, ॲल्युमिनियम त्याला चिकटतं आणि मंजिष्ठेचा लाल त्या ॲल्युमिनियमला चिकटतो. ही साखळी तुटली की रंग पहिल्या धुण्यात जातो. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा एक तुकडा सापडला, तो मंजिष्ठेनंच रंगवलेला. म्हणजे ही विद्या पाणिनीच्याही दोन हजार वर्षं आधीची आहे. ‘रक्त’ या शब्दात मला ही सगळी खटपट दिसते. आपोआप लाल असलेल्या वस्तूसाठी संस्कृतात दुसरे शब्द होते. मूळ अर्थानं रक्त ते, ज्यावर कुणीतरी रंग चढवलाय.

मग हा शब्द नसांतल्या द्रवावर कसा येऊन बसला?

अमरकोशात या द्रवाची सात नावं एका ओळीत आहेत: रुधिर, असृज्, लोहित, अस्र, रक्त, क्षतज, शोणित. ओळ पाठ असलेले पुष्कळ आहेत, पण नावं सुटी करून पाहिली की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. रुधिर म्हणजे लाल. ग्रीक ‘एरिथ्रोस’, लॅटिन ‘रुबेर’ आणि इंग्रजी ‘रेड’ हे त्याचे चुलते. पॅथॉलॉजीच्या अहवालातला ‘एरिथ्रोसाइट’, म्हणजे तांबडी पेशी, हा शब्द रुधिराचाच दूरचा भाऊ. लोहित म्हणजेही लाल. त्याचंच जुनं रूप रोहित, आणि त्याच लालीवरून रोहिणी, कारण त्या नक्षत्राचा मुख्य तारा तांबूस आहे. शोणितातला शोण म्हणजेही लाल. शोण नदीतला लालसर दगड शोणभद्र म्हणून आपल्या देवघरातल्या पंचायतनात गणपती होऊन बसतो. आणि रक्त म्हणजे रंगलेलं. सातांपैकी चार नावं नुसता रंग सांगतात. क्षतज म्हणजे जखमेतून निघालेलं. ते नाव ठिकाण सांगतं. अस्र या शब्दाचा अर्थ रक्तही होतो आणि आसूही, म्हणजे शरीरातून वाहून आलेलं पाणी.

उरलं एकच, असृज्. हे त्या वस्तूचं स्वतःचं नाव. त्याच्या मागे रंग नाही, ठिकाण नाही, उपमा नाही. ऋग्वेदातल्या अस्यवामीय सूक्तात प्रश्न येतो: ‘भूम्या असुरसृगात्मा क्व स्वित्’, पृथ्वीचा प्राण, रक्त, आत्मा कुठे आहे? तिथे हा शब्द आहे. तो किती जुना असावा, हे एका दूरच्या पुराव्यानं कळलं. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती लोकांच्या राजधानीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांची भाषा बेद्रिख ह्रोझनी यांनी १९१५ मध्ये उलगडली आणि ती संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्याच इंडो-युरोपीय कुळातली निघाली. त्या भाषेत रक्ताला ‘एश्हर’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘एआर’, जुन्या लॅटिनमध्ये ‘असेर’, आणि तारिम खोऱ्यातल्या लुप्त तोखारी भाषेतही हाच शब्द. असृज् त्यांच्या पंक्तीत बसतो.

तो चालवायलाही अवघड आहे. प्रथमेत असृक्, पण षष्ठीत अस्नः. मधेच र जाऊन न येतो. यकृत् शब्दाचंही तसंच, यकृत् पण यक्नः. पाणिनीला या अडेल शब्दांसाठी वेगळं सूत्र करावं लागलं. असे दोन खोडांचे शब्द फार जुने असतात. बोलणाऱ्यांना ते जड होतात, मग सोपा पर्याय मिळाला की भाषा त्यांना सोडून देते. असृज् गेला यामागे ही अडचण आहेच. पण मला वाटतं त्यात दुसरीही एक गोष्ट आहे: जखमेतून भळभळणाऱ्या गोष्टीचं नाव तोंडानं घ्यायला माणूस कचरतो. मग ‘ते लाल’, ‘ते रंगलेलं’ असं म्हणून तो पुढे जातो. मराठी बायकांनी महिन्याच्या रक्तासाठी जे शब्द वापरले, ‘पाळी’, ‘बाजूला बसणं’, ‘कावळा शिवणं’, त्यात तर रंगसुद्धा येत नाही. इतकं ते झाकलेलं राहिलं, आणि त्या झाकण्यानं पिढ्यान् पिढ्या मुलींचं नुकसानच केलं.

रक्ताचं एक जुनं मूळ आपण रोज उच्चारतो आणि आपल्याला पत्ता नसतो. तो शब्द म्हणजे क्रूर. त्याचा मूळ अर्थ कच्चं, रक्ताळलेलं, ओली जखम. लॅटिनमध्ये सांडलेल्या रक्ताला ‘क्रुओर’ म्हणतात, तो याचा सख्खा नातेवाईक. क्रव्य म्हणजे कच्चं मांस, आणि प्रेत जाळणाऱ्या अग्नीला वेदात क्रव्याद म्हटलंय. पुढे अर्थ बदलला आणि क्रूर हे माणसाच्या वागण्याला लावायचं विशेषण झालं. ‘क्रूर’ म्हणताना हाताला रक्त लागलेलं दिसत नाही, पण शब्दाला ते अजून लागलेलं आहे.

आता वैद्यांकडे वळू, कारण रंगाऱ्याचा शब्द शरीरात कायमचा मुरला तो त्यांच्यामुळे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात चौदाव्या अध्यायात म्हटलंय, की अन्नापासून झालेला पाण्यासारखा रस यकृत आणि प्लीहेत (पाणथरीत) पोचला की ‘रागमुपैति’. आजच्या मराठी कानाला वाटेल रस रागावला. अर्थ आहे, त्याला रंग चढतो. पुढचा श्लोक तर शब्दाची व्युत्पत्तीच सांगतो: ‘रञ्जितास्तेजसा त्वापः शरीरस्थेन देहिनाम् । अव्यापन्नाः प्रसन्नेन रक्तमित्यभिधीयते’. शरीरातल्या निर्मळ तेजानं रंगवलेलं, न बिघडलेलं पाणी म्हणजे रक्त. ते रंगवणाऱ्या पित्ताला नाव मिळालं रंजक पित्त. कुंड यकृत-प्लीहेचं, कापडाच्या जागी रस, आणि रंगारी पित्त. सबंध कल्पना रंगाऱ्याच्या कामावरून घेतलेली.

रंग बरोबर चढलाय की नाही हे पाहायलाही वैद्यांनी नमुने ठरवून दिले होते. सुश्रुत म्हणतो, चांगलं रक्त इंद्रगोपासारखं दिसतं. इंद्रगोप म्हणजे पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर फिरणारा तो मखमली मृगाचा किडा. चरकानं आणखी नमुने दिलेत: तापवून शुद्ध केलेलं सोनं, कमळ, अळता आणि गुंज. एकच लाल न सांगता छटांची अख्खी पट्टी दिली, कारण निरोगी माणसांचं रक्तही एका छटेचं नसतं. धमनीतलं लख्ख लाल असतं, शिरेतलं काळपट, आणि कापडावर पडून वाळलं की तपकिरी.

‘रंगलेलं पाणी’ हे वर्णन किती खरं आहे, ते प्रयोगशाळेतल्या एका नळीत दिसतं. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेली, जांभळ्या टोपणाची नळी घ्या आणि तास-दोन तास उभी ठेवून द्या, किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वर गवताच्या काडीच्या रंगाचं फिकट पिवळं पाणी राहतं, निम्म्याहून थोडं अधिक. खाली गडद लाल थर बसतो. दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा आणि प्लेटलेटचा साईसारखा पातळ पापुद्रा. पाणी पिवळं आहे, लाल नाही. लाल सगळा तांबड्या पेशींच्या पोटात, हिमोग्लोबिनमध्ये बांधलेला.

म्हणजे रंगाऱ्याच्या अर्थानं रक्त हे ‘रक्त’ नव्हेच, कारण रंग पाण्यात विरघळलेला नाही. तो विरघळतो तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. सुई फार बारीक असली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, सिरिंजमधलं रक्त सुईतूनच दाबून नळीत सोडलं किंवा नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायच्या ऐवजी खसाखसा हलवली, की पेशी फुटतात. मग फिरवल्यावर वरचं पाणी पिवळं न राहता गुलाबी किंवा लाल येतं. तंत्रज्ञ म्हणतो ‘हिमोलाइज झालंय’, आणि नमुना परत मागवतो. ते योग्यच आहे. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून अधिक असतं. पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं आणि अहवालात पोटॅशियमचा आकडा खोटाच चढतो. त्या आकड्यावर विसंबून औषध दिलं तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा हाताला पुन्हा सुई टोचली म्हणून तंत्रज्ञावर चिडू नये.

इथे एका गैरसमजाचं बोलायला हवं, कारण तो फार पसरलाय. रक्ताला लोहित म्हणतात, लोहित शब्दात लोह आहे, म्हणजे रक्तात लोखंड असतं हे पूर्वजांना ठाऊक होतं, असं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. शब्दाचा प्रवास उलटा झालाय. आधी लाल रंग, म्हणून रोहित आणि लोहित. लाल धातू म्हणून लोह, आणि तो धातू तांबं होता. लोखंड आल्यावर लोह हा शब्द सगळ्या धातूंसाठी आणि मग मुख्यतः लोखंडासाठी वापरात आला. रक्तातलं लोह प्रयोगानं दाखवलं गेलं ते अठराव्या शतकात, बोलोन्यात, व्हिन्चेन्झो मेंघिनी यांनी रक्ताची राख करून तिच्यात लोहचुंबक फिरवला तेव्हा. पूर्वजांनी मृगाच्या किड्यापासून गुंजेपर्यंत लालाच्या छटा नोंदवून ठेवल्या, ही त्यांची खरी कमाई. त्यांच्या नावावर नसलेलं श्रेय चढवून तिची शोभा वाढत नाही. राजा या शब्दाचंही असंच झालंय. प्रजेचं रंजन करतो तो राजा, ही जोडणी महाभारतात आणि रघुवंशात आहे आणि फार गोड आहे. पण राजा रञ्जचा नाही; तो राज् धातूचा, लॅटिन ‘रेक्स’चा भाऊबंद.

मराठीत रक्त हा शब्द तीनदा आला, आणि तिन्ही वेळा वेगळा होऊन. पहिली वाट प्राकृतातून. रक्तचं रत्त झालं, आणि भत्तचा भात, सत्तचा सात, हत्थचा हात झाला तसा रत्तचा राता झाला. राता म्हणजे लाल. हा शब्द एकटा आता सहसा ऐकू येत नाही, पण कोकणात तो अजून झाडाला लगडतो. रातांब्यातला ‘राता’ तोच. आणि रताळं म्हणजे रक्तालु. रताळं अमेरिकेतून आलेलं कंद आहे, इथल्या दुसऱ्या लालसर कंदाचं जुनं नाव त्यानं घेतलं. एकादशीला ताटात येतं ते नावानं तरी ‘रक्त’च.

रातांब्याची आमसुलं करताना पाहिलं तर पाणिनीचं सूत्र परसातच उलगडतं. फळ फोडून बिया आणि गर काढायचा, सालं उन्हात टाकायची. गराच्या रसात मीठ घालून तो बाजूला ठेवायचा. थोडी वाळलेली सालं त्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. असं चार-पाच दिवस, रोज एक पूट. प्रत्येक पुटागणिक साल गडद होत जातं आणि शेवटी काळपट जांभळं, लवचीक आमसूल तयार होतं. मीठ कमी पडलं किंवा मधेच आभाळ आलं की बुरशी धरते. घाईनं कडकडीत वाळवलं की साल चामट होतं, रंग आत मुरत नाही. आपल्याच रंगात पुन्हा पुन्हा बुडून लाल झालेलं फळ. ‘राता’ नाव त्याला शोभतं.

दुसरी वाट लोकांच्या जिभेची. शिकलेल्यांच्या तोंडून रक्त ऐकलं, जोडाक्षर जड वाटलं म्हणून मध्ये स्वर घातला आणि क चा ग केला: रगत. भक्तचा भगत आणि युक्तीची जुगत अशीच झाली. गावाकडे आणि कोकणीत आजही रगतच. तिसरं रक्त पुस्तकातून जसंच्या तसं आलं आणि दवाखान्यात, वर्तमानपत्रात, कायद्यात बसलं. रगत या शब्दाला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यात जिभेनं शेकडो वर्षं केलेलं काम आहे.

शेजारच्या भाषांनी दुसऱ्या वाटा घेतल्या. गुजरातीत लोही, हिंदीत लहू, दोन्ही लोहितातून. हिंदीत खूनही, फारसीतून. खूनचं मात्र मराठीत वेगळंच झालं. फारसीत त्या शब्दाचे दोन अर्थ होते, रक्त आणि हत्या. हिंदी-उर्दूनं दोन्ही ठेवले, मराठीनं फक्त हत्या घेतली. म्हणून हिंदीत ‘खून दो’ हे रक्तदानाचं आवाहन होतं आणि मराठी माणूस क्षणभर बिचकतो. रक्ताला आपल्याकडे शब्द होताच, मनुष्यवधासाठी कोर्टकचेरीत लागणारा तेवढा आपण उचलला.

वाक्प्रचारांत रक्त द्रव म्हणूनच वावरतं. ते आटतं, गोठतं, उसळतं, सळसळतं. ‘रक्त आटवणं’ हे दुधावरून आलंय असं वाटतं, मंद आचेवर आटत आटत बासुंदी होते तसं. आणि ‘रक्ताचं पाणी करणं’ म्हणजे तर सुश्रुताचा श्लोक उलटा फिरवणं. त्याच्याकडे पाण्यावर रंग चढून रक्त झालं, इथे कष्टानं रंग उतरून पुन्हा पाणी. आई-बापांनी मुलांसाठी रक्ताचं पाणी केलं म्हणतात तेव्हा हा श्लोक कुणाच्या मनात नसतो, पण भाषेनं तो धागा कुठेतरी धरून ठेवलाय असं मला फार वाटतं.

‘रक्ताचं नातं’ हा प्रयोग आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण आपल्या शास्त्रानं नातं मोजलं ते पिंडानं. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या धर्मशास्त्रावरच्या टीकेत सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आलेत ते. बंगालच्या दायभाग या वारसाहक्कावरच्या ग्रंथात पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा पिंड, आणि वारसाहक्क त्यावरून ठरला. आपल्याकडे मिताक्षरा चालली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मात्र सपिंडाच्या शेजारीच रक्त येऊन बसलं आणि त्याचे तीन प्रकार झाले: बाप एक आणि त्याची बायको एक; बाप एक, पण बायका वेगळ्या; आई एक, पण तिचे नवरे वेगळे. घरात पहिल्याला सख्खं म्हणतात, दुसऱ्याला सावत्र. तिसऱ्यासाठी कायद्यानं गर्भाशयाचा आधार घेतला. संस्कृतात त्याला सहोदर असा सुरेख शब्द आहे, एका उदरातून आलेला. मराठीत आपण पाठचा भाऊ, पोटचा मुलगा म्हणतो. पाठ, पोट, नाळ, दूध यांनी मराठी नाती बांधली गेलीत, आणि रक्ताइतकीच घट्ट.

आणि रक्तगटाची गोष्ट आली की मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए, बी आणि आज ज्याला ओ म्हणतात असे तीन गट मांडले. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अशी माणसं नोंदवली ज्यांच्या रक्तात ए नाही, बी नाही आणि ओ गटात असतो तो एच प्रतिजनही, म्हणजे गट ओळखायची पेशीवरची ती खूणही नाही. साध्या चाचणीत हे रक्त ओ असंच दिसतं, आणि धोका तिथेच आहे. अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर त्याच्या शरीरातली एच-विरोधी द्रव्यं त्या पेशी फोडून टाकतात. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. म्हणून चढवण्याआधी क्रॉसमॅच करायचं, आणि ‘ओ’ असूनही जुळत नसेल तर एच-विरोधी द्रावणानं पुन्हा तपासायचं. शहराचं नाव बदललं, पण गटाचं नाव तेच राहिलं.

राग शब्दाचं मराठीत झालं ते मला या सगळ्यात सर्वांत जास्त भावतं. संस्कृतात राग म्हणजे रंग, म्हणून ओढ, प्रेम. संगीतातला राग म्हणजे मतंगाच्या बृहद्देशी या संगीतग्रंथात लोकांचं चित्त रंगवणारा ध्वनी. हिंदीत राग आला की प्रेम किंवा गाणं. मराठीत आणि बंगालीत तोच राग संताप झाला. अर्थाची इतकी टोकाची उडी का, हे चेहऱ्यावर पाहावं. लाजेनं आणि प्रेमानं गाल लाल होतात, संतापानंही होतात. रंग तोच चढतो. एका भाषेनं त्यात प्रीती पाहिली, दुसरीनं कोप. आणि मराठीनं प्रीतीलाही टाकलं नाही. अनुराग आहे, अनुरक्त आहे, भजनात ‘रंगला’ आहे. लोभाचंही मराठीत असंच आहे, एरवी तो दुर्गुण, पण पत्राच्या शेवटी मोठ्या मायेनं ‘लोभ असावा’.

रंग चढतो तसा उतरतोही. विरक्त म्हणजे रंग गेलेला, विराग म्हणजे रंगाचं जाणं, आणि त्यावरून वैराग्य. हे तीनही शब्द रंगाऱ्याच्या कुंडाशेजारचे. पण विरक्त माणसानं अंगावर घ्यायचं कापड मात्र रंगवलेलंच असतं. काशिकेत ‘तेन रक्तं रागात्’चं पहिलंच उदाहरण आहे काषाय, ‘कषायेण रक्तं’. म्हणजे विरक्ताच्या अंगावर रक्त वस्त्र. हे वस्त्र कावेत रंगवण्याची साधी रीत अशी. काव म्हणजे लोहाचा गंज मिसळलेली लाल माती. ती बारीक कुटून पाण्यात कालवायची, फडक्यातून गाळायची, म्हणजे खडे आणि रेती मागे राहतात. गाळलेलं पाणी सतत ढवळत ओलं कापड त्यात फिरवायचं. ढवळणं थांबलं की माती तळाशी बसते आणि कापडावर पट्टे उठतात. मंजिष्ठ धाग्याला धरते, तसं या मातीचं नाही. ती धाग्यांच्या खाचांत नुसती बसून राहते. म्हणून प्रत्येक धुण्याला थोडी सुटते, पाणी तांबूस होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच वस्त्र पुन्हा कावेत बुडवावं लागतं.